ह्यांची पोस्टिंग अंबाल्याला, पहिल्यांदाच बिऱ्हाड घेऊन निघालोय, काय न्यायचं आणि काय ठेवायचं?

कोरेगावची_सून

नमस्कार सगळ्यांना. आमचे हे हवालदार आहेत, गेली तीन वर्षं कुपवाड्याकडं फील्डला होते (तिथं बायकापोरं नेता येत नाहीत), आता अंबाल्याची ऑर्डर आलीय, पीस आहे, म्हणजे सोबत राहता येतं. लग्नाला अकरा वर्षं झाली पण मी अजून एकदाही सोबत राहिलेली नाही, दोनदा योग आला होता, एकदा माझं बाळंतपण निघालं आणि एकदा सासऱ्यांचं आजारपण, राहूनच गेलं. ह्या वेळी जायचंच असं ठरलंय. ह्यांना एप्रिलच्या शेवटी तिकडं हजर व्हायचंय, मधी वीस दिवस सुट्टी टाकून घरी येणार आणि तेवढ्यातच सगळं आवरायचं, त्यातले चार दिवस तर पाहुण्यारावळ्यांतच जाणार हे आत्ताच सांगते.

घरात फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, दिवाण आहे, मोठं गोदरेजचं कपाट, घरघंटी, माझी स्कूटी, गॅस. सासऱ्यांच्या वेळच्या दोन काळ्या ट्रंका पण आहेत (ते पण फौजेतच होते), थोड्या गंजल्यात, त्या चालतील का नवीन घ्यायच्या? एक ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पूर्ण गाडी करा, दुसरा म्हणतो पार्ट लोडनं, म्हणजे दुसऱ्यांच्या सामानाबरोबर, निम्म्यात जाईल पण कधी पोचेल ते सांगू शकत नाही. ह्यांना फोनवर विचारलं की म्हणतात सगळं घेऊन ये, क्वार्टरला नंबर लावलाय, लगेच मिळेल. लगेच म्हणजे किती दिवसांत हे काय सांगत नाहीत.

मुलगी चौथीत आहे जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलगा साडेतीन वर्षांचा. सासूबाई इथंच राहणार, त्यांची म्हैस आहे.

कुणी केलंय का असं? काय न्यावं, काय नको, खर्च किती मिळतो परत, सगळंच सांगा, मला कशातलंच काही माहीत नाही.

खटावचा_सुभेदार

ताई अभिनंदन. आधी पैशाचं बोलतो, बाकीचं बायका सांगतील.

हवालदार म्हणजे पगाराची लेव्हल ५. सामानाची मर्यादा ३००० किलो, आणि रस्त्यानं नेलं तर किलोमीटरला २५ रुपये, हा २०१७ चा रेट, महागाई भत्ता ५० टक्के झाला की त्यात २५ टक्के वाढ. नाईक आणि त्याखाली १५०० किलो आणि १५ रुपये, नायब सुभेदार झाला की एकदम ६००० किलो आणि ५० रुपये. पण हे ऐकून कुणी हुरळून जाऊ नका, प्रत्यक्ष खर्च किंवा रेट, ह्यातलं जे कमी तेच मिळतं. म्हणजे गाडीवाल्याचं पक्कं बिल पाहिजे, बिल्टी (माल चढवल्याची पावती) पाहिजे, पैसे दिल्याची पावती पाहिजे. वहीच्या कागदावर "पैसे पोचले" लिहून अंगठा घेतलात तर तो कागद देवापुढं ठेवा, क्लेमला चालत नाही. शिवाय बेसिकच्या ८० टक्के ट्रान्सफर ग्रँट असते, पेट्या, पॅकिंग, हमाली, किरकोळ सगळं त्यातून भागवायचं. क्लेम प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत टाकायचा, मागं एक वर्ष असायचं ते आता राहिलं नाही. हवालदार साहेबांना सांगा पोचल्या पोचल्या क्लार्कपुढं बसायचं, क्वार्टर सजवत बसायचं नाही.

तुमचं आणि मुलांचं तिकीट वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चानं होतं. पुण्यातून झेलम एक्सप्रेस सरळ अंबाला कॅन्टला जाते, साताऱ्याकडच्या फौजींच्या किती पिढ्या त्या गाडीनं गेल्या असतील. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, सुट्टी मंजूर झाली की त्याच दिवशी बघा, मे महिन्यात जागा मिळत नसते. अडलंच तर पुणे स्टेशनला एमसीओ (फौजींच्या प्रवासाचं ऑफिस) आहे, मिलिटरी कोट्याची चौकशी तिथं करा.

दिवाण नेऊ नका. मी ९८ साली सागवानी पलंग फिरोजपूरला नेला. क्वार्टरच्या दारातून आत जाईना. पाय कापायचे तर बायको रडायला लागली, तिच्या बापानं दिलेला. तीन वर्षं व्हरांड्यात पडून होता, पावसात फुगला, शेवटी निघताना धोब्याला दिला. क्वार्टरला एमईएसचं (फौजेचं बांधकाम-देखभाल खातं) फर्निचर मिळतं, खाट, टेबल, खुर्च्या. दिसायला सरकारीच असतं पण झोप लागते.

बिऱ्हाड_पाठीवर

सुभेदार साहेबांनी हिशोब सांगितला आता मी खरं सांगते 😄 मी मिरजेची, १४ वर्षांत सहा स्टेशनं झाली, विंचवाचं बिऱ्हाड आहे आमचं.

ताई एक गोष्ट लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. क्वार्टरची किल्ली हातात आल्याशिवाय ट्रक भरू नको. "नंबर लावलाय" आणि "अलॉट झालं" ह्यात कधी कधी चार चार महिने असतात, आणि नवरे लोक हे सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं तू यायचंच रद्द करशील. आमच्या तिसऱ्या पोस्टिंगला आम्ही ट्रकच्या मागोमाग पोचलो तर क्वार्टर नाही, सामान युनिटच्या एका शेडमधे उतरवलं आणि आम्ही बाहेर एका खोलीत भाड्यानं, जून महिना, वर पत्रा. शेडवर पहिल्याच पावसात गळती. माझी लग्नातली भांडी, गाद्या, मिक्सर, सगळ्याचं पानिपत झालं, आणि गंमत म्हणजे ते स्टेशन पानिपतपासून दोन तासांवरच होतं.

तर असं कर, आधी ह्यांना एकट्याला हजर होऊ दे. किल्ली मिळाली की ते चार दिवस सुट्टी टाकून येतील नाहीतर दीर-भाऊ कुणी सामान चढवून देईल. तोवर तू दोन ट्रंका आणि एक गादी एवढंच तयार ठेव. किल्ली घेताना, म्हणजे मार्च इनच्या दिवशी, प्रत्येक खोलीचे फोटो काढायला सांग, फुटलेली काच, गळका नळ, तुटका बेसिन, स्विचबोर्ड, सगळं लिहून सही घ्यायची. निघताना बॅरॅक डॅमेज म्हणून पैसे कापतात आणि तेव्हा आधीच्या माणसानं फोडलेली काच पण तुमच्या नावावर येते.

आता काय न्यायचं. फ्रिज नेऊ नको असं मी म्हणणार होते पण ते तुमच्या घरी मागं कोण राहतंय त्यावर आहे. वॉशिंग मशीन ने. कपाट नको, गोदरेजचं कपाट ट्रकमधे एकदा आडवं झालं की त्याचं दार परत सरळ लागत नाही. रजया-ब्लँकेटं इकडून वाहून नेऊ नको, पानिपतला ढिगानं मिळतात आणि स्वस्त, तिकडच्या थंडीत आपली गोधडी एकटी पुरत पण नाही. एखादी न्यायची, पोरांना वास ओळखीचा लागतो. कूलर तिकडंच घे.

आणि घरघंटी. घरघंटी ने ने आणि ने. लोक हसतील, म्हणतील चाळीस किलोचं धूड कशाला. तिकडं ज्वारीचं पीठ मिळत नाही, मिळालं तर कधी दळलंय देव जाणे, विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता येत नाही, कडेनं फाटते नुसती. चक्कीवाला गव्हात ज्वारी मिसळेल म्हणून दळून देत नाही. मी पहिले दोन महिने गव्हाच्या चपात्या करून करून कंटाळले, आणि हे तर फील्डवरून आलेले, पुरी-सब्जी बघितली तरी ताटावरून उठायचे. मग माहेराहून घरघंटी मागवली आणि आमच्या लाइनीत, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेत, मी एकदम मोठी माणूस झाले, सोलापूरची एक, बेळगावची एक, दोघी दर रविवारी डबे घेऊन दारात. ज्वारी अख्खी न्यायची, पीठ नाही. कांदा लसूण मसाला वर्षाचा. लोखंडी तवा.

ट्रंका जुन्याच ने. घासून रंग दे, कडीला तेल घाल. नवीन पत्रा आजकाल पातळ येतो.

एमएच१०_वाला

स्कूटीचं सांगतो. ट्रेननं नेता येते, पुण्यातून पार्सलला बुक करायची, आरसी बुकची झेरॉक्स लागते आणि पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी पाहिजे, थेंब पण नको. स्टेशनबाहेर पॅकिंगवाले असतात, आरसे काढून स्वतःजवळ ठेवा, हे फार लोक विसरतात आणि मग तिकडं उतरवल्यावर आरसा फक्त एका बाजूला.

पण खरी कटकट पुढं आहे. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर साताऱ्याच्या आरटीओची एनओसी, तिकडं परत रजिस्ट्रेशन, तिकडचा रोड टॅक्स, मग इकडचा उरलेला टॅक्स परत मागत बसा. फौजींसाठी २०२१ पासून बीएच सिरीज आहे, टॅक्स दोन दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच. नवीन गाडी घ्यायची असेल तर तीच घ्या. जुनी पण बीएचला बदलता येते आता, पण किती वर्षं जुनी आहे ते बघा, आठ वर्षांच्या स्कूटीसाठी एवढी उस्तवारी मी तरी करणार नाही.

गॅसची टाकी ट्रकमधे पण नको, ट्रेनमधे तर नाहीच नाही. एजन्सीत टाकी आणि रेग्युलेटर जमा करायचा, डिपॉझिट परत आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, तिकडच्या एजन्सीत ते दाखवायचं. डिपॉझिट तिकडं आजच्या दरानं भरावं लागतं, तुम्हाला परत मात्र जुन्या काळातलं मिळतं, त्याला इलाज नाही. शेगडी न्या.

कोरेगावची_सून

बापरे केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. ह्यांना काल विचारलं की अलॉट झालंय का नंबर लावलाय, तर म्हणतात नंबर लावलाय. मी म्हटलं मग किल्ली आल्यावर येते. दोन मिनिटं फोनवर कुणीच बोललं नाही.

मुलीचं सांगा ना कुणीतरी. तिला हिंदी येतच नाही. टीव्हीवरची समजते पण शाळेत हिंदी विषय अजून नाही, पाचवीपासून आहे आमच्याकडं.

सडेतोड_कराडकर

मुलीला कशाला फरफटवता. तीन वर्षांनी परत बदली, परत नवीन शाळा. साताऱ्यात सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. नाहीतर तुम्हीच सांगलीत खोली घेऊन राहा. माझा साडू तेच करतो, तो फील्डला आणि फॅमिली सांगलीत, घरभाडे भत्त्याला सांगली वाय क्लासमधे येते, सातारा झेडमधे म्हणजे कमी, पोरांच्या शाळा पण हलत नाहीत.

बिऱ्हाड_पाठीवर

कराडकर दादा, तुमचे साडू फील्डला आहेत, हिचा नवरा पीसला आलाय. अकरा वर्षांनी. नऊ वर्षांच्या पोरीला वसतिगृहात ठेवून आईबापानं अंबाल्यात जायचं का? काहीही.

वाईची_मास्तरीण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दरवर्षी एकदोन फौजींची मुलं बाहेर जातात म्हणून सांगते.

हिंदीची काळजी करू नका. लिपी एकच आहे, वाचायला तिला आजच येईल, रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून घ्या. अडतं ते लिंगाला. आपली मुलं "मेरा किताब" म्हणतात आणि वर्ग हसतो, महिना दीड महिना चालतं ते. इंग्रजीकडं जास्त लक्ष द्या, तिकडं गणित पण इंग्रजीतून असणार, बेरीज येते पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही असं होतं.

खरी अडचण तारखांची आहे. तिकडच्या सीबीएसई शाळा एप्रिलमधे चालू होतात, आपल्या जूनमधे. तुम्ही किल्लीची वाट बघत जुलैत गेलात तर तिचे अडीच महिने गेलेले असणार, त्यातला काही काळ तिकडं उन्हाळी सुट्टी असते एवढाच दिलासा. म्हणून प्रवेशाचं काम क्वार्टरवर अवलंबून ठेवू नका, मिस्टर हजर झाले की त्याच आठवड्यात केंद्रीय विद्यालय आणि आर्मी पब्लिक स्कूल दोन्हीकडं अर्ज टाकू दे. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात बदलीवर जाणाऱ्या मुलांचं सोपं असतं, तुमची मुलगी बाहेरून येणार म्हणजे जागा असेल तरच, पण फौजींच्या मुलांना पहिला प्राधान्यक्रम असतो, आणि त्यातही गेल्या ७ वर्षांत वडिलांच्या बदल्या किती झाल्या ते मोजतात. त्याचा दाखला युनिटकडून घ्या.

आमच्याकडून काय लागेल तर शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का, परराज्यात जाताना हे मागतात आणि लोक तिकडं पोचल्यावर फोन करतात की मॅडम सही राहिली. आणि बाईंना सांगून यूडायसवरून (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) मुलीचं नाव ड्रॉप बॉक्समधे टाकून घ्या, नाहीतर नवीन शाळेला तिला ऑनलाइन घेता येत नाही, ऑफिसमधे दोन दोन तास त्याच्यावरच जातात. तिचा पेन नंबर (त्याच नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा नंबर) वहीत लिहून ठेवा.

एक सुचवते. पाचवीत असताना सहावीसाठी सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा देता येते, आता मुलींना पण, पेपर मराठीतून घेता येतो. आपलं साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं. आत्ता लगेच नाही, पण अंबाल्यात गेल्यावर विसरू नका.

कृष्णाकाठची

मी सांगलीची, आमचे हे आर्टिलरीत. मला फक्त कागदांचं सांगायचंय.

२०१९ ला आम्ही फिरोजपूरहून आसामला निघालो तेव्हा निम्मं सामान आईच्या घरी सांगलीत तळमजल्यावर ठेवलं, ट्रंका एकावर एक, आणि मी हुशारी केली की महत्त्वाचे कागद सगळ्यात खालच्या ट्रंकेत ठेवले, चोरी होऊ नये म्हणून. ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आईबाबांना बोटीनं काढलं. आठ दिवसांनी ट्रंक उघडली तर आतून गाळाचा चॉकलेटी रस निघाला. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पार्ट टू ऑर्डरची (फौजेतली लग्न-मुलांची नोंद) कॉपी, सगळ्याचा एक लगदा, वरून ह्यांचा पासपोर्ट साइज फोटो तेवढा चिकटलेला, मिशा शाबूत. दुसरे दाखले काढायला दीड वर्ष गेलं कारण मी आसामला आणि कागद महापालिकेत.

म्हणून एक पिशवी, खांद्याला लावायची, ट्रकमधे नाही, ट्रंकेत नाही, झेलममधे उशीला. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, डिपेंडंट कार्ड, लसीचं कार्ड, आधार. आणि निघायच्या आधी एक तपासा, आधारवर तुमचं नाव, पार्ट टू ऑर्डरला नाव आणि बँकेत नाव, तिन्हीकडं स्पेलिंग एकच आहे का. माझं माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं एकीकडं होतं, मुलाला ताप होता आणि दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणतोय ही बाई ह्यांची बायको कशावरून.

अजून एक, राग मानू नका. तुम्ही घरघंटीपासून स्कूटीपर्यंत सगळं विचारलंत आणि सासूबाईंचं एका ओळीत उरकलंत, त्यात पण म्हैस. सासरे फौजेत होते म्हणजे त्यांना फॅमिली पेन्शन असेल ना? दरवर्षीचा हयातीचा दाखला कोण भरून देणार? ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे का, गोळ्यांना साताऱ्यात कोण नेणार?

कोरेगावची_सून

ताई राग कशाला. मीच टाळलं ते लिहायचं, खरं सांगते.

पेन्शन आहे, कार्ड आहे, बीपीच्या गोळ्या साताऱ्याहून मीच आणते दर महिन्याला, स्कूटीवर मागं बसवून त्यांना घेऊन. हयातीचा दाखला पण मीच मोबाइलवर चेहरा दाखवून करते, त्या दरवेळी पदर नीट करतात आणि फोटो काढल्यासारखं ताठ बसतात. विचारलं होतं चला म्हणून. म्हणाल्या तुझ्या सासऱ्यांबरोबर कुठं गेले नाही मी कधी, आता काय जाते.

खटावचा_सुभेदार

मग स्कूटी न्यायचा प्रश्नच मिटला की ताई. स्कूटी घरी. पुतण्या-भाचा कुणी आहे का लायसन असलेला?

कोरेगावची_सून

चुलत दिराचा मुलगा आहे, कोरेगावला कॉलेजला जातो. विचारते.

कोरेगावची_सून

अपडेट देते, बऱ्याच दिवसांनी. किल्ली मिळाली कालच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. ह्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्या खोल्या दाखवल्या, बाथरूमची काच फुटकी आहे, ती लिहून घेतलीय. शाळेचं आर्मी पब्लिकमधे झालं, मुलीनं परवा मला "मम्मी आपका चाय" असं ऐकवलं, मास्तरीणबाई तुम्ही म्हणालात तसंच.

फ्रिज, दिवाण, कपाट, गॅस, स्कूटी घरीच. दिराचा मुलगा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आजीला साताऱ्याला नेणार, त्याबदल्यात स्कूटी कॉलेजला वापरणार, पेट्रोल आमचं. हयातीचं त्याला शिकवलंय, त्यानं एकदा करून दाखवलं. पार्ट लोडनं वॉशिंग मशीन, घरघंटी, भांडी, चार पोती जाणार, पक्कं बिल देणाराच शोधला, हजार रुपये जास्त घेतोय.

ट्रंका रंगवायला पेंटर बोलावला होता. एका ट्रंकेवर सासऱ्यांचा नंबर, रँक, नाव, पांढऱ्या अक्षरात, निम्मं पुसट झालेलं. तो म्हणाला वहिनी हे घासून काढतो आणि साहेबांचं टाकतो. सासूबाई गोठ्यातून हात पुसत आल्या, म्हणाल्या खाली जागा आहे की, खाली टाक. मग त्यानं वरची अक्षरं तशीच ठेवून आजूबाजूनं काळा रंग मारला आणि खाली ह्यांचं लिहिलं. सारखं दिसत नाही पण राहू दे.

आता एवढंच सांगा, तिघं-चौघं माणसं, वर्षाला ज्वारी एक पोतं पुरेल का?

बिऱ्हाड_पाठीवर

दोन ने. लाइनीतल्या बाकीच्यांना कळायचं आहे अजून.